मोती, मोहरा आणि खुर्दा

किंक्रांतीच्या सकाळी मी आणि मामा मेणवलीच्या घाटावर बसलो होतो. पाठीमागे नाना फडणिसांचा वाडा, समोर कृष्णा. मामा आता वाईलाच राहतात. त्यांची सगळी नोकरी सैन्याला रसद पुरवणाऱ्या दलात, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली. सुभेदार म्हणून ते निवृत्त झाले. मी कॉलेजात मराठी शिकवते. पुढच्या आठवड्यात मला ‘पानिपत आणि मराठी साहित्यातला सेनापती’ या विषयावर बोलायचं होतं. टिपणं तयार होती आणि ती मामांना वाचून दाखवायची हौसही होती. दहा पानं त्यांनी न बोलता ऐकली. मग आमचं जे बोलणं झालं, ते आठवेल तसं लिहून ठेवते आहे, कारण त्या बोलण्यानंतर माझी दहाही पानं मला नव्यानं लिहावी लागली.

मामा : वाचलंस छान. आता मला एक सांग. या दहा पानांत भाऊसाहेबांचा घोडा किती वेळा आला?

मी : मोजला नाही. पाच-सहा वेळा असेल.

मामा : सहा वेळा. मी मोजला. पण त्या घोड्यानं त्या दिवशी काय खाल्लं होतं, हे एकदाही आलं नाही.

मी : मामा, माझा विषय सेनापतीचं चित्रण हा आहे. सदाशिवरावभाऊ ही आपल्या साहित्यातली फार मोठी व्यक्तिरेखा आहे. बखरीतला भाऊ तापट, मानी, वडीलधाऱ्यांचं न ऐकणारा. १९८८ साली विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी आली आणि तोच भाऊ शोकनायक झाला, एकाकी आणि कर्तव्याला बांधलेला. आणि या दोघांच्या मधे तिसरा भाऊ आहे, मेलाच नाही म्हणून परत आलेला. त्या तोतयावर न. चिं. केळकरांनी नाटक लिहिलं. एकाच माणसाची तीन रूपं. समाजाला ज्या वेळी जसा सेनापती हवा होता, तसा तो साहित्यानं दिला, एवढंच मला म्हणायचंय.

मामा : तिन्ही वेळा भाऊच ना? मी तुला युद्ध कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे आम्हाला कसं दिसायचं ते. मराठ्यांच्या छावणीत घोडी किती होती यावर विद्वान भांडत बसतात. आपण हिशेबापुरती पन्नास हजार धरू. एका घोड्याला दाणा-वैरण मिळून रोज सात-आठ किलो तरी लागतं. आठ धरलं तर दिवसाला चारशे टन, म्हणजे दहा टनी ट्रक असते तर रोज चाळीस ट्रक. आणि हे नुसतं जनावरांचं. माणसं लाखाच्या वर होती. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तरी आणखी पन्नास टन. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत पंच्याहत्तर दिवस ही छावणी पानिपतला खंदक खणून बसली होती. आता मला सांग, तुझ्या सेनापतीचा स्वभाव तापट होता की शांत, यानं त्या चारशे टनांत काय फरक पडतो?

मी : पडतो. मी सांगते कसा. पण आधी एक कबूल करते. हा हिशेब मी कधी मांडून पाहिला नव्हता.

मामा : बखरकारानंही मांडला नाही आणि कादंबरी वाचणाराही मांडत नाही. कारण उपासमारीला कथानक नसतं. पंच्याहत्तर दिवस रोज थोडं थोडं कमी होत जातं, एवढीच ती गोष्ट. मग लिहिणारा सरळ शेवटच्या दिवसावर उडी मारतो. विश्वासरावाला गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला आणि गर्दीत शिरला. तू पण तिथूनच सुरुवात केलीयस. आणि वर लिहिलंयस, ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’.

मी : लढाई १४ जानेवारीलाच झाली, मामा.

मामा : तारीख १४ खरी. पण तिथी होती पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. आणि संक्रांत १४ जानेवारीला येते ती आपल्या काळात. ती दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. पानिपतावर मराठे मेले त्या दिवशी संक्रांत नव्हती.

मी गप्प झाले. शाळेपासून ऐकलेली, स्वतः वर्गात शंभरदा सांगितलेली गोष्ट होती ती.

मी : बरं, चूक माझी. ते वाक्य काढते. पण मामा, लोकांनी त्या दिवसाला संक्रांत चिकटवली, हीसुद्धा घडलेलीच गोष्ट आहे. ‘संक्रांत आली’ या ज्या वाक्प्रचारानं आपण संकट सांगतो, त्यात हे सगळ्यात मोठं संकट अगदी बरोबर बसलं. मनाला ती तारीख पटली. ‘पानिपत झालं’ असं आपण आजही म्हणतो. परीक्षेत नापास झालेला मुलगाही म्हणतो. एखाद्या समाजानं स्वतःच्या पराभवाचं नाव रोजच्या बोलण्यात ठेवणं किती दुर्मीळ असेल! ही साहित्याची आणि भाषेची स्मृती आहे. तिला तुमच्या ट्रकच्या हिशेबात जागा कुठे?

मामा : जागा आहे. फक्त दुःखाची गोष्ट सांगताना ती दुःखाची म्हणून सांग, पंचांगाची म्हणून सांगू नकोस. माझी तक्रार तेवढीच आहे.

मी : मान्य. आता माझं ऐका. बखरीतला तो प्रसंग तुम्हाला माहीत आहे. उत्तरेत खलबत चालू आहे. मल्हारराव होळकर, सूरजमल जाट ही मुरलेली माणसं सांगताहेत की बायका-मुलं, जड सामान आणि तोफा मागे ठेवा, हलके व्हा आणि गनिमी काव्यानं अब्दालीला दमवा. आणि तिशीचा भाऊ ते झिडकारतो. हा प्रसंग लिहिणाऱ्याच्या कानात महाभारत होतं. विदुर सांगतोय, भीष्म सांगताहेत आणि दुर्योधन ऐकत नाही. कीर्तन-पुराणांवर वाढलेल्या माणसाला युद्धाची गोष्ट सांगायची तर हाच साचा हाताशी होता. म्हणून बखरीतला भाऊ मला एकट्या भाऊचं चित्र वाटत नाही. पराभवाला अर्थ द्यायची आपली जी जुनी रीत आहे, तिचं ते चित्र आहे.

मामा : हे तू फार चांगलं सांगितलंस. आता तो साचा पुढे कुठे गेला तेही बघ. ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट होता. त्यानं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. बखरी त्याच्या हाताशी होत्या. काशीराज पंडिताची फारसी हकिकतही इंग्रजीत आलेली होती, आणि हा काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे लढाईत समोरच्या बाजूला. त्यातून उद्धट भाऊ हा इतिहासात ठरून गेला. पुराणातला साचा बखरीत आला, बखरीतून इंग्रजी ग्रंथात गेला आणि तिथून आपल्या शाळेच्या पुस्तकात उतरला. मधे कुणी विचारलं नाही की त्या माणसानं स्वतः काय लिहून ठेवलंय.

मी : राजवाड्यांनी विचारलं.

मामा : इथेच, आपल्या वाईत सापडलेल्या कागदांतून. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तेव्हा लोकांना पहिल्यांदा त्या मोहिमेतली खुद्द पत्रं वाचायला मिळाली. मी सैन्यात होतो तेव्हा ती वाचली नव्हती. निवृत्त झाल्यावर वाचली आणि मला माझ्या दलातले कागद वाचल्यासारखं वाटलं. ओळखीची भाषा! पैसा पाठवा. दाणा पाठवा. वसूल कुठे अडला? गोविंदपंत बुंदेल्यांनी अंतर्वेदीत, गंगा-यमुनेच्या दुआबात, शत्रूची रसद का तोडली नाही? सेनापती रोज काय करतो ते तिथे दिसतं. दिल्लीतल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत भाऊनं काढून वितळवलं. कुणी तो लोभ म्हटलं, कुणी उद्धटपणा. पत्रं वाचली की कळतं, फौजेचा पगार तुंबला होता आणि दक्षिणेतून पैसा येत नव्हता.

मी : पण राजवाड्यांनी तरी काय केलं, मामा? पत्रं छापली आणि प्रस्तावनेत ठपका होळकर आणि गोविंदपंत यांच्यावर ठेवला. भाऊ सुटला, दुसरे अडकले. बखरकाराला मानी नायक हवा होता, राजवाड्यांना घात करणारे हवे होते. म्हणजे इतिहासकारसुद्धा पात्रं बदलतो, नाटक तेच ठेवतो. मग साहित्यालाच का दोष देता?

मामा थोडा वेळ नदीकडे पाहत राहिले.

मामा : खरं आहे. एका माणसावर सगळं घालायचं, ही खोड दोघांचीही. त्र्यं. शं. शेजवलकरांनी ती पुष्कळ मोडली. ते स्वतः पानिपतला जाऊन जमीन पाहून आले. ही लढाई कशासाठी होती, भाऊ नक्की काय करू पाहत होता, असे प्रश्न त्यांनी विचारले. १४ जानेवारीला भाऊ अब्दालीचा निकाल लावायला निघाला होता असं आपण समजतो. शेजवलकरांनी दाखवलं की त्याला गोल करून निघायचं होतं. भोवती फौज आणि तोफा, मधे बायका-मुलं आणि न लढणारी माणसं, आणि तसंच लढत लढत बाहेर पडायचं. उपाशी छावणीला जगवायचा तो शेवटचा मार्ग होता.

मी : आता माझी पाळी. तुम्ही म्हणता, स्वभावानं चारशे टनांत फरक पडत नाही. सूरजमल मोहिमेतून निघून गेला तेव्हा काय गेलं? त्याचे घोडेस्वार तर गेलेच, पण भरतपूरची कोठारं गेली. राजपूत आले नाहीत. शुजाउद्दौला इकडे येईल अशी आशा होती, तो रोहिला सरदार नजीबखानाच्या आग्रहावरून अब्दालीकडे गेला. अब्दाली परमुलखात होता. त्याचा दाणा पिकत होता रोहिल्यांच्या आणि शुजाच्या मुलखात. म्हणजे मित्र जोडता येणं हीच त्याची रसद होती. आणि मित्र कशानं जोडले जातात? शब्दानं, मान ठेवल्यानं, धीरानं. तुमचा ट्रक शेवटी सेनापतीच्या जिभेवर चालतो, मामा. बखरकाराला टनांचा हिशेब येत नसेल, पण माणसं का दुरावतात ते त्याला नीट कळत होतं. म्हणून त्यानं खलबताचा प्रसंग रंगवला.

मामा : हं.

मी : आणि अब्दालीकडेही बघा. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतल्यावर भाऊला वाटलं, यमुना भरून वाहतेय, अब्दाली पलीकडेच अडकून पडेल. अब्दालीनं बागपतला नदी ओलांडली. माणसं वाहून गेली तरी ओलांडली. त्या दिवशी दिल्लीची वाट तुटली आणि तुमचे पंच्याहत्तर दिवस सुरू झाले. हा निर्णय कुणा कारकुनाच्या वहीत सापडणार नाही. तो एका माणसाच्या छातीतला होता. आपल्या साहित्यात अब्दाली नुसती सावली आहे, नजीब नुसता खलनायक. शत्रूचं नेतृत्व नीट रंगवलं नाही म्हणून आपल्याला स्वतःचा पराभवही नीट समजला नाही. ही तक्रार मी माझ्या साहित्याबद्दल करते.

मामा : आम्ही लेहला असताना पावसाळा संपायच्या आत हिवाळ्याचा साठा भरायचा असायचा. नोव्हेंबरात खिंड बंद झाली की वसंतापर्यंत वाट नाही. कुठल्या चौकीवर किती रॉकेल, किती पीठ, किती डाळ, सगळं कागदावर. मी नेहमी म्हणायचो, साहेब कितीही शूर असू दे, पीठ नसेल तर चौकी नाही. पण तू बोललीस त्यावरून आठवलं. एका वर्षी रस्ता लवकर बंद होणार हे आमच्या एका साहेबांनी ओळखलं आणि गाड्या पंधरा दिवस आधी लावल्या. वर त्यांना बोलणी खावी लागली. पण बर्फ खरंच लवकर पडला. कागद तेच, पीठ तेच. ओळखलं मात्र माणसानं. तेवढं तुझं मला मान्य करावं लागेल.

ते मान्य करतील असं मला वाटलं नव्हतं. जिंकल्याचा आनंद झाला, आणि त्या भरात मी टिपणांतला पुढचा भाग वाचला. पानिपतच्या पराभवाचं एक मोठं कारण म्हणजे सैन्याबरोबर असलेलं बाजारबुणग्यांचं लोढणं, असं त्यात होतं. मामांचा चेहरा एकदम बदलला.

मामा : थांब. ‘बाजारबुणगे’ म्हणजे कोण?

मी : छावणीबरोबरचे न लढणारे लोक. यात्रेकरू, बाजारातले लोक…

मामा : आज हा शब्द आपण कसा वापरतो?

मी : शिवीसारखा. फालतू, निरुपयोगी माणसांची झुंड.

मामा : काशी-प्रयाग घडेल म्हणून निघालेले यात्रेकरू होते, कबिले होते, ते नसते तर बरं झालं असतं, हे मी मानतो. पण बाजार म्हणजे काय? बाजार म्हणजे त्या फौजेचं आर्मी सर्व्हिस कोअर! त्या काळी सरकारी कोठीतून शिधा मिळत नव्हता. शिपायाला पगार मिळायचा आणि तो छावणीच्या बाजारातून दाणा विकत घ्यायचा. वाणी, तेली, लोहार, नालबंद, चांभार, मोतद्दार, भिस्ती. घोड्याला नाल कोण ठोकत होतं? पाणी कोण आणत होतं? कहीवर कोण जात होतं?

मी : कही म्हणजे वैरण आणायला बाहेर पडणारी टोळी.

मामा : हो. दिवसा बाहेर पडलं की अब्दालीचे गिलचे टिपायचे, म्हणून ही माणसं रात्री निघायची. गवत, लाकूडफाटा, मिळेल ते आणायला. हातात विळा-कोयता, फार तर काठी. तशा रात्री कापली गेलेली माणसं किती! १४ जानेवारीला घोडा जो काही पळाला, तो त्यांनी आणलेल्या गवतावर पळाला. आणि अडीचशे वर्षं आपण त्यांना लोढणं म्हणतोय. मी सगळी नोकरी हेच काम केलं. माझ्या छातीवर शौर्यपदक नाही, त्याचं मला दुःखही नाही. पण मी लोढणं नव्हतो.

मला काही बोलता येईना. टिपणांतला तो शब्द मी पेन्सिलीनं खोडला. मामांनी माझ्या हातावर थोपटलं आणि आवाज खाली आणला.

मामा : तुझ्यावर नाही रागावलो. शब्द तुझा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. सेनापतीचं चित्र काढायला आपण बसलो की ते उजळ दिसावं म्हणून कुणाला तरी काळं करतो. बखरीनं भाऊला काळं केलं. भाऊला पुसून उजळ केलं तेव्हा होळकर काळे झाले. आणि कुणीच सापडलं नाही की हे आहेतच, ज्यांची बाजू मांडायला कागद नाहीत.

मी : हेच तर माझं म्हणणं आहे, मामा! तुमची पत्रं तरी कुणाची आहेत? भाऊची, पेशव्यांची, सरदारांची, वकिलांची. कहीवर गेलेल्या माणसानं पत्र लिहिलं नाही. कागदालाच खरं मानायचं ठरवलं तर तो माणूस दुसऱ्यांदा मरतो. त्याला परत आणायचं तर कल्पना लागते. ते काम साहित्याचं.

मामा : मग केलं का ते साहित्यानं?

मी : थोडं केलं. पुरेसं नाही.

मामा : ते सावकारी पत्र आठव. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते, वाटेत त्यांच्या हाती लागलं म्हणतात ते. ग्रँट डफनंही ते आपल्या पुस्तकात घेतलंय.

मी : दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची गणतीच नाही, अशा अर्थाचं. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. चांदी-तांबं म्हणजे रुपये आणि खुर्दा, बाकीचे सगळे.

मामा : आजवर मला त्या पत्राची भाषा फार सुंदर वाटायची. आत्ता बोलता बोलता लक्षात आलं. मोती मोजले, मोहरा मोजल्या, खुर्दा मोजला नाही. इतिहासानंही तेच केलं, साहित्यानंही तेच केलं. आपण दोघं सकाळपासून भांडतोय, पण तुझा बखरकार आणि माझे इतिहासकार, दोघांची मोजायची रीत एकच आहे.

मी : पण सावकाराला निदान ठाऊक होतं की खुर्दाही गेला. त्यानं लिहिलं की मोजता येत नाही. मोजता न येणं वेगळं आणि मोजायचंच नाही असं ठरवणं वेगळं. ते एक वाक्य लिहिणारा माणूस मला त्यामुळे भला वाटतो.

घाटावर कपडे धुणाऱ्या बायका निघून गेल्या होत्या. मामांनी डब्यातला तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला.

मामा : महादजी शिंद्यांना कुणी वाचवलं?

मी : राणेखान भिस्तीनं. पळताना पाठलाग करणाऱ्या पठाणानं त्यांच्या पायावर वार केला, ते पडून राहिले. राणेखान पखालीचा बैल घेऊन चालला होता. त्यानं त्यांना उचलून बैलावर घातलं आणि दक्षिणेत आणलं, अशी हकिकत आहे. महादजी जन्मभर लंगडत राहिले. राणेखानला त्यांनी भाऊ मानलं, जहागीर दिली, फौजेचा सरदार केलं.

मामा : भिस्ती म्हणजे कोण? तुझ्या टिपणांतल्या भाषेत?

मी : बाजारबुणगा.

मामा : १७७१ साली दिल्ली पुन्हा मराठ्यांच्या हातात आली, पुढच्या वर्षी बादशहा शाह आलम दिल्लीत येऊन बसला. पानिपतानंतर दहा-अकरा वर्षांत. त्यामागे महादजी होते आणि महादजींच्या मागे पाण्याच्या पखालीचा एक बैल होता. नेतृत्व म्हणजे काय, असं तुला कुणी व्याख्यानात विचारलं तर मी सांगतो तसं सांग. ज्यानं आपल्याला उचललं त्याचं नाव त्या माणसानं लक्षात ठेवलं आणि सत्ता आल्यावर त्याला शेजारी बसवलं. महादजींच्या बाकीच्या गोष्टींवर कितीही वाद घाल, पण ही त्यांनी केलेली मोजदाद बरोबर होती.

मी : म्हणजे शेवटी तुम्हीही एका माणसाच्या स्वभावावरच आलात.

मामा : आलो खरा. पण बैलासकट आलो.

मी : मग मीही तुमच्याकडे थोडी येते. पाठीमागचा हा वाडा बघा. नाना फडणीस पानिपतावर होते, जेमतेम एकोणीस वर्षांचे. बरोबर आई आणि बायको. पुढे त्यांनी आत्मवृत्त लिहिलं. आपल्या भाषेतलं ते फार वेगळं लेखन आहे. त्यात वीरश्री नाही. फौज मोडलेली पाहिली आणि निघालो, अंगावरचे कपडे टाकले, पायी पळालो, आईची ताटातूट झाली ती कायमची. ज्या माणसाच्या हातात पुढे मराठी राज्याचा कारभार आला, तो स्वतःला भ्यालेला, लपणारा मुलगा म्हणून लिहितो. माझ्या टिपणांत सेनापतीची तीन चित्रं होती आणि हे चौथं मी विसरले होते. सेनापती नसलेल्या, पण पुढे राज्य चालवणाऱ्या माणसाचं.

मामा : ते मी वाचलंय. मला वाटतं, लढाईचं सगळ्यात खरं वर्णन पळून आलेलाच करू शकतो. त्यानं जमीन जवळून पाहिलेली असते.

मी : आणि त्यानं ते लपवलं नाही. पुढे एवढी सत्ता हाती आल्यावर तो ते पान फाडू शकला असता.

मामा : माझ्या मते त्या पानातच त्याचा पुढचा कारभार आहे. मुद्दाम युद्धात उडी घ्यायची नाही, आधी तह बघायचा, आधी पैसा बघायचा, आधी कोण आपल्या बाजूला आहे ते बघायचं. लोक याला नानांची चतुराई म्हणतात. मला त्यात एकोणीस वर्षांचा तो पळणारा मुलगा दिसतो. उपाशी छावणी त्यानं आतून पाहिली होती.

मी : ही तुमची कल्पना झाली, मामा. याला कागद नाही.

मामा : नाही. हे तुझ्याकडून उसनं घेतलं.

ऊन वर आलं तसे आम्ही उठलो. पायऱ्या चढताना मामांनी पानिपतच्या ‘काला आम’ या जागेची आठवण काढली. नोकरीत असताना एकदा ते तिथे थांबले होते. दर वर्षी १४ जानेवारीला तिथे हरियाणातले रोड मराठा जमतात. पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांचे आम्ही वंशज, अशी त्यांची श्रद्धा आहे. पुराव्यावर अभ्यासक वाद घालतात. मामांनी तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं होतं, तुमचे पूर्वज कोणत्या सरदाराच्या पथकात होते? म्हाताऱ्यानं सांगितलं, सरदाराचं नाव घरात कुणी सांगितलं नाही. इथे राहिले आणि शेती करू लागले, एवढंच सांगितलं.

“तेव्हा मला वाटलं होतं, पुरावा कच्चा आहे,” मामा म्हणाले. “आज वाटतं, मोत्याचं नाव न घेता कुणीतरी खुर्द्याची गोष्ट जपून ठेवलीय.”

घरी आल्यावर मी टिपणं पुन्हा काढली. हत्तीवरून घोड्यावर येणारा भाऊ पहिल्या पानावर होता, त्याला मी सातव्या पानावर नेला. त्याला वजा करता येणार नाही. त्यानं मित्र गमावले, नदीचा अंदाज चुकवला, आणि तरी उपाशी माणसांना गोलाच्या मधे घेऊन तो बाहेर पडायला निघाला. हे तिन्ही एकाच माणसाचं आहे आणि ते एकत्र सांगायला पत्रंही लागतील, बखरही लागेल. पण पहिल्या पानावर आता डिसेंबरातली एक रात्र आहे. खंदकाच्या कडेनं काही माणसं विळे घेऊन बाहेर पडताहेत. थंडी आहे, बोलायचं नाही असं ठरलंय. सकाळी घोड्यांसमोर गवत पडेल तेव्हा त्यांच्यातले काही परत आलेले नसतील. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत आणि मी ती बनवलेली नाहीत. ‘कहीवर गेलेली माणसं’ एवढंच लिहिलं आहे.

संध्याकाळी फोनवर मामांना ते पान वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “घोडं खातंय का आता?”

“खातंय,” मी म्हटलं.